सातबाऱ्यावरचे पणजोबा वंशवृक्षात आणताना

एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची धावपळ उडाली. त्याआधी २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे तहसिलांतली जुनी दप्तरं, मोडीतली बाडं, कोतवाल बुकं उघडली गेली होती. दोन्हींचा एक अनपेक्षित परिणाम मुंबईत दिसतो. डोंबिवलीच्या काकांपासून भांडुपच्या आत्यापर्यंत प्रत्येक घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिवळ्या पडलेल्या उताऱ्यांचे फोटो फिरतायत, आणि कुणीतरी तरुण भाचा किंवा पुतणी लॅपटॉपवर घराण्याचा वंशवृक्ष मांडायला बसलेली आहे.

गाडी अडते ती इथेच. वंशवृक्षात पणजोबांच्या नावापुढे 'माहितीचा आधार' असा रकाना येतो आणि तिथे 'सातबारा' एवढंच लिहिलं जातं. कुठल्या गावचा, कोणत्या सालचा, हाताने लिहिलेला की संगणकावरचा, आणि मुख्य म्हणजे सातबाराच की फेरफार? पत्ता विचारल्यावर नुसतं 'दादर' सांगण्यासारखंच आहे हे. दहा वर्षांनी दुसरा चुलतभाऊ म्हणाला, 'पणजोबांना तीन नव्हे, चार मुलगे होते,' की तपासायला हाताशी काहीच उरत नाही.

सातबारा म्हणजे नक्की कोणता कागद?

गावाचा महसुली हिशेब ठेवायला तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) एकवीस प्रकारच्या नोंदवह्या ठरवून दिलेल्या आहेत. त्यांना गाव नमुने म्हणतात. सातवा नमुना जमिनीवर कोणाचा हक्क आहे ते सांगतो, बारावा त्यात कोणतं पीक घेतलं ते. दोन्ही एका कागदावर छापतात म्हणून सात-बारा. नमुना ८-अ हा खातेदाराचा गोषवारा, म्हणजे एका माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका जागी. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क वारसांची नोंदवही आणि जुन्या काळी १४ होती जन्ममृत्यूची. ही जुनी चौदावी वहीच लोकांच्या तोंडी कोतवाल बुक.

वंशावळीसाठी यातला सर्वांत गरीब कागद सातबारा, असं म्हटलं तर लोक दचकतात. पण सातबारा फक्त आजची स्थिती दाखवतो. माणूस गेला की त्याच्या नावाला कंस होतो, पुढे उतारा नव्याने लिहिताना कंसातलं नाव गळतं. ते नाव का गेलं, माणूस कधी गेला, मागे कोण राहिलं, हे सारं फेरफारात असतं. सातबारा म्हणजे बँकेच्या पासबुकातली शेवटची शिल्लक, फेरफार म्हणजे मधले सगळे व्यवहार. आपल्याला व्यवहार हवे आहेत.

म्हणून पहिलं काम हे: सातबाऱ्यावर छापलेले फेरफार क्रमांक टिपायचे. ते बहुधा लहान वर्तुळात किंवा कंसात असतात. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढायची. त्यात आधीच्या नावाचा उल्लेख सापडला की हस्तलिखित जुना सातबारा मागायचा आणि त्यावरचे आणखी जुने क्रमांक घ्यायचे. असं मागे मागे जात मुंबई इलाख्यातल्या गावांत साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचता येतं, कारण हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा. त्यामागे जायचं तर वाट वेगळी. भूमी अभिलेख कार्यालयातली 'शेतवार', 'सूड', 'इनाम' अशा नावांची जुनी जमीन-पत्रकं, आणि त्याहून जुनं हवं तर पुणे पुराभिलेखागारातली पेशवे दप्तरातली कागदपत्रं. मराठवाडा निजामाकडे होता, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात; तिथे १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक किंवा अधिकार अभिलेख हा मधला टप्पा ठरतो.

फेरफार वाचायची रीत

समजा राजापूर तालुक्यातल्या एका गावचा फेरफार क्रमांक ४१२ हाती आला. त्यात चार रकाने असतात: अनुक्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले सर्व्हे व हिस्सा नंबर, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. दुसऱ्या रकान्यात मजकूर असा:

'राघो बिन तुकाराम हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस १) मुलगा सखाराम वय ३०, २) मुलगा धाकू वय १४ अ.पा.क. आई जनाबाई कोम राघो. सबब वारसांची नावे दाखल. वर्दी सखाराम. ता. १४-८-३८.' शेवटच्या रकान्यात 'मंजूर' आणि ३-१०-३८.

इतक्या तुटक मजकुरात केवढं सापडतं पाहा. 'बिन' म्हणजे मुलगा, 'वल्द'ही तेच. 'कोम' म्हणजे बायको, 'भ्र.' (भ्रतार) लिहिलं असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. 'वर्दी' म्हणजे तलाठ्याला दिलेली खबर. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हा शेवटचा शब्द फार मोलाचा आहे. धाकूची आई जनाबाई हे त्यावरून कळतं. सखारामची आई जनाबाई हे मात्र कळत नाही. दोन भावांत सोळा वर्षांचं अंतर आहे. राघोचं दुसरं लग्न झालेलं असू शकतं. कागद तसं म्हणत नाही, पण नाहीही म्हणत नाही. वंशवृक्षात सखारामला जनाबाईच्या खाली डोळे झाकून टाकणारे याच जागी चुकतात.

आता तारखा. इथे तीन आहेत आणि तिघींचा अर्थ वेगळा: माणूस गेला ती (अंदाजे १९३६), वर्दी देऊन नोंद झाली ती (१४ ऑगस्ट १९३८), आणि अधिकाऱ्याने मंजूर केली ती (३ ऑक्टोबर १९३८). 'राघो मृत्यू १९३८' असं लिहिणं ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त आढळणारी चूक. लोक वर्षानुवर्षं वर्दी देत नसत, कर्ज काढायची वेळ आली की धावत. मृत्यूची नोंद 'सुमारे १९३६' अशी करावी. 'दोन वर्षांपूर्वी' हे शब्दही नसते तर 'ऑगस्ट १९३८ पूर्वी' इतकंच म्हणता आलं असतं.

वयावर तर अजिबात विसंबू नये. तिशी, चाळिशी, पन्नाशी असे गोल आकडे तलाठ्याने पाहून ठोकलेले असत. सखारामचा जन्म 'सुमारे १९०८', आणि हा आकडा गणित करून काढला आहे हे सोबत नोंदवायचं.

आणखी एक सापळा 'ए.कु.मॅ.' या अक्षरांत आहे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे लिहिलं असेल तर जमीन सगळ्या भावांची आहे, नाव एकाचं लागलंय. एकच नाव दिसलं म्हणून एकच मुलगा होता असं समजणारे वंशवृक्ष अर्धे कापले जातात.

दप्तर, वही, दाखला

आता सॉफ्टवेअर. ग्रॅम्प्स, रूट्समॅजिक, लेगसी, नाव कोणतंही असो, चांगल्या वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये आधाराची नोंद थरांत असते. रिपॉझिटरी म्हणजे कागद ठेवलाय ती जागा. सोर्स म्हणजे तो दस्तऐवज किंवा वही. सायटेशन म्हणजे त्या वहीतली नेमकी नोंद. चाळ, मजला, खोली असंच हे. पुढे आपण त्यांना दप्तर, वही आणि दाखला म्हणू.

आपल्या उदाहरणात दप्तर म्हणजे तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. वही म्हणजे त्या गावची 'गाव नमुना ६, फेरफार नोंदवही'. दाखला म्हणजे फेरफार क्रमांक ४१२.

थर पाळायचं कारण व्यवहाराचं आहे. एका गावच्या वहीतून तुम्ही तीस फेरफार काढणार. वही एकदाच तयार करा, तिच्याखाली तीस दाखले लावा. पुष्कळ जण प्रत्येक फेरफाराला नवी वही बनवतात आणि वर्षभरात दोनशे वह्यांची यादी होते, जिच्यात शोधायचं म्हणजे रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये लोकल शोधणं. उलट टोकही वाईट: 'महसूल कागदपत्रे' नावाची एकच वही करून सगळी गावं तिच्यात कोंबणं. एक गाव, एक नमुना, एक वही हे प्रमाण बरं पडतं. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा या मात्र दोन वह्या धराव्यात. संगणकावर चढवताना नावं पुन्हा टंकलिखित झाली आहेत, चुका तिथेही शिरल्या आहेत. 'धाकू'चा 'दाकू' कोणत्या टप्प्यावर झाला हे पुढे कळलं पाहिजे.

दाखल्यात काय लिहायचं त्याचा एक नमुना:

'गाव नमुना ६, मौजे अमुक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी. फेरफार क्र. ४१२, नोंद १४-८-१९३८, मंजूर ३-१०-१९३८. स. नं. २७ हि. नं. ३. तहसील अभिलेख कक्षाची प्रमाणित नक्कल, नक्कल दिल्याची तारीख अमुक.'

शेवटचा भाग लोक गाळतात. तुम्ही मूळ वही पाहिली, तिची प्रमाणित नक्कल घेतली, की मामाने पाठवलेला फोटो पाहिला, यात फरक आहे. जे पाहिलं तेच लिहायचं.

ग्रॅम्प्समध्ये प्रत्यक्ष

ग्रॅम्प्स फुकट आहे, देवनागरी नीट घेतं आणि गावांच्या बाबतीत आपल्याला हवी ती एक सोय त्यात आहे, म्हणून उदाहरण त्याचं. क्रम असा ठेवावा.

आधी स्कॅन. ३०० डीपीआय, रंगीत, कागदाच्या दोन्ही बाजू, कारण नकलेचा शिक्का आणि तारीख बहुधा मागे असते. फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवलेलं बरं (जुन्या झिप फायलींत देवनागरी नावांचा चुरा होतो). क्रम जिल्हा, तालुका, गाव, नमुना, क्रमांक, वर्ष. क्रमांक चार अंकी लिहा, ०४१२ असा, म्हणजे यादी आपोआप ओळीत लागते.

मग दप्तर, वही, दाखला. स्कॅन दाखल्याला जोडायचा, माणसाला नाही. दाखल्याच्या टिपणात दुसऱ्या रकान्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. 'बिन'चं 'चा मुलगा' करू नका. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह. हे कंटाळवाणं काम आहे खरं, पण मजकूर टंकलेला असला तरच पुढे 'जनाबाई' शोधल्यावर ती सगळ्या फेरफारांत सापडते. फोटोत काही शोधता येत नाही.

त्यानंतर घटना. ग्रॅम्प्समध्ये मालमत्तेची घटना आहे, शिवाय स्वतःचे प्रकार करता येतात. 'वारस नोंद', 'वाटप', 'हक्कसोड', 'खरेदी', 'कुळहक्क' असे पाच केले तरी बहुतेक फेरफार त्यांत बसतात. घटनेची तारीख १४ ऑगस्ट १९३८, ठिकाण ते गाव, वर्णनात सर्व्हे नंबर आणि क्षेत्र. एकच घटना राघो, सखाराम, धाकू आणि जनाबाई या चौघांना जोडायची आणि प्रत्येकाची भूमिका द्यायची: मयत खातेदार, वारस, वारस, पालनकर्ती. चार वेगळ्या घटना करू नका. पुढे दुरुस्ती आली तर चार जागी करावी लागते आणि एक हमखास राहते.

मग त्याच दाखल्याला बाकीच्या गोष्टी टांगायच्या: राघोचा मृत्यू, सखारामचा जन्म, धाकू व जनाबाई यांचं नातं. एक फेरफार, पण त्यातली विधानं चार-पाच. प्रत्येकाचा भरवसा सारखा नसतो. ग्रॅम्प्समध्ये भरवशाचे पाच दर्जे आहेत, पण ते दाखल्याला लागतात. म्हणून वयासाठी त्याच फेरफाराचा वेगळा, 'कमी' दर्जाचा दाखला केला तर चालेल. वारस कोण हे चारचौघांसमोर सांगितलेलं आणि हरकतीसाठी खुलं ठेवलेलं असतं, म्हणून ते 'जास्त'.

सर्व्हे नंबराला स्वतंत्र ठिकाण करावं का? सॉफ्टवेअर करू देतं, पण कोकणात एका घराचे चाळीस तुकडे असतात. ठिकाणांची यादी त्यानेच भरून जाईल. घराची जागा आणि एखादी मोठी बागायत सोडली तर नंबर वर्णनातच राहू द्यावेत.

जुने आकडे, जुनी सालं

जुन्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नव्यावर हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. एकरात ४० गुंठे, गुंठा १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे २ एकर १० गुंठे हे ९० गुंठे, साधारण ९,१०५ चौरस मीटर. आजच्या उताऱ्यावर ०.९१.०५. हे जुळलं तर सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झाला असला तरी जमीन तीच असण्याची शक्यता वाढते. पक्कं करायला एकत्रीकरण योजनेचं पत्रक लागतं. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. योजना लागू झाली त्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. त्या पत्रकात जुना व नवा नंबर शेजारी असतात. तो स्वतंत्र दाखला धरा.

शक १७५६ मध्ये ७८ मिळवले की १८३४. मात्र जानेवारी ते गुढीपाडवा यांदरम्यानची तिथी असेल तर ७९. सुहूर सनात (मराठेशाहीतल्या कागदांवरचं साल) ५९९ किंवा ६००, फसलीत (महसुली कागदांवरचं साल) ५९० किंवा ५९१ मिळवायचे. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरांत हिब्रू आहे, फ्रेंच क्रांतीचंही आहे, शक नाही. तेव्हा तारखेत इसवी सन भरा आणि मूळ 'शके १७५६ वैशाख' हे शब्द टिपणात ठेवा. पिकांच्या रकान्यातलं '१९५६-५७' हे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं हेही ध्यानात असू द्या.

सोळा आण्यांची कसोटी

वंशावळ तपासायचं एक साधन सातबाऱ्यातच दडलेलं आहे, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ते तुम्हाला सांगत नाही. सामाईक जमिनीत नावापुढे हिस्सा आणे-पैमध्ये लिहीत. पूर्ण जमीन म्हणजे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै. (पिकाच्या आणेवारीशी याचा संबंध नाही.)

चार भाऊ असतील तर प्रत्येकी ४ आणे. त्यांतला एक वारला आणि त्याला तीन मुलगे, तर ४ आण्यांचे ४८ पै, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकी १ आणा ४ पै. आता उताऱ्यावर तीन नावं ४ आण्यांची आणि दोनच नावं १ आणा ४ पैची दिसली, तर बेरीज १४ आणे ८ पै. उरले १ आणा ४ पै. म्हणजे तिसरा मुलगा कुठेतरी आहे, तुमच्या वंशवृक्षात नसला तरी. कदाचित तो गिरणीत कामाला मुंबईला आला आणि हिस्सा विकून मोकळा झाला. मग तो खरेदीच्या फेरफारात सापडेल. पुढच्या शोधाला दिशा मिळते.

हिशेब उलटाही करता येतो. एखाद्याचा हिस्सा २ आणे ८ पै असेल तर तो १६ आण्यांचा सहावा भाग. सहा वारस शोधा, किंवा दोन शाखा आणि त्यांतल्या एकीत तिघे.

कब्जेदार की कुळ?

परळ-लालबागच्या कित्येक घरांची समजूत असते की गावी आपल्या नावावर काही नव्हतंच. उताऱ्यात कब्जेदाराच्या जागी नाव न सापडल्याने शोध थांबतो. कोकणात जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कुळ अशी रीत होती. कुळाचं नाव 'इतर हक्क' या बाजूला असायचं, किंवा बाराव्या नमुन्यात कसणाऱ्याच्या रकान्यात. जुन्या खोती गावांत बोटखत नावाचं पत्रकही पाहावं. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, आणि कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं मानायचा दिवस. त्यानंतर कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या, किंमत भरल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. या चौकशीच्या कागदांत कुळाचा जबाब असतो, त्यात बापाचं नाव, कधीपासून जमीन कसतो हे असतं. वंशावळीच्या दृष्टीने तो फेरफारापेक्षाही बोलका. वंशवृक्षात मात्र १९५७ पूर्वीच्या माणसाला 'मालक' म्हणू नका, 'कुळ' म्हणा.

मुली कुठे गेल्या?

जुन्या वारस नोंदींत मुली नसतात. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधी मुलगे असताना मुलीचं नाव चढायचं कारणच नव्हतं. तेव्हा १९३८ च्या फेरफारात मुली नाहीत याचा अर्थ राघोला मुली नव्हत्या असा होत नाही. 'अपत्ये: २' असा आकडा अशा दाखल्यावर कधीही भरू नये.

त्यांना शोधायची जागा हक्कसोडपत्रं. १९५६ नंतर बहिणींची नावं चढू लागली आणि पाठोपाठ भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे फेरफारही वाढले. न्याय-अन्यायाची चर्चा बाजूला ठेवली तर हा कागद वंशावळकाराला घबाड आहे: आत्याचं सासरचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. माहेरचं नाव मुख्य नाव म्हणून ठेवा आणि सासरचं पर्यायी नाव म्हणून, दोन्हींना तोच दाखला.

गाव जागेवर, जिल्हा हलला

मालवणचं घराणं १९३० च्या कागदावर रत्नागिरी जिल्ह्यात दिसतं, कारण सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला. रायगडही १९८१ पर्यंत कुलाबा होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात, सांगली १९४९ पासून काही वर्षं 'दक्षिण सातारा'. दाखल्यात कागदावर छापलेला जिल्हा लिहायचा. आजचा जिल्हा ठिकाणाच्या नोंदीत.

ग्रॅम्प्सची सोय ती हीच. गाव एकदाच तयार करायचं आणि ते कोणत्या तालुक्यात-जिल्ह्यात 'कधीपासून कधीपर्यंत' होतं ते तारखांसह जोडायचं. १९३० ची घटना आपोआप रत्नागिरीत दिसते, १९९० ची सिंधुदुर्गात. हे न करता दोन गावं तयार केली की एकाच वाडीतली माणसं दोन ठिकाणी विभागली जातात.

मुंबईतच जमीन होती त्यांचं काय?

मुंबई शहर बेटावर सातबारा नाही. तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. जुन्या खरेदीखतांत एकाच जागेला कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर आणि कॅडॅस्ट्रल सर्व्हे नंबर अशी रांग दिसते. लॉटनचा सर्व्हे १८६५ ते १८७२ चा. ही सगळी रांग दाखल्यात उतरवावी, नुसता कॅडॅस्ट्रल नंबर पुरत नाही, कारण जुना दस्त जुन्या नंबरानेच सापडतो.

उपनगरांत सर्व्हे नंबरही होते आणि पुढे सिटी सर्व्हे नंबर आले. बिनशेती झालेल्या जागेचा सातबारा बंद होऊन कार्ड उघडलं. वांदरे, अंधेरी, कुर्ला ही गावं १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होती. त्या काळच्या कागदावर 'ता. साष्टी, जि. ठाणे' दिसलं की दुसरंच गाव समजून फाइल बाजूला ठेवू नका.

कार्डावर प्रत्येक फेरबदलाशेजारी धारक, पट्टेदार की भार हे अक्षराने दाखवलेलं असतं. गहाण घेणाऱ्या सावकाराला 'भार' न वाचता मालक समजून घराण्यात घेतल्याची उदाहरणं विनोदी वाटतात, पण होतात. आणि चाळीतल्या भाडेकरूचं नाव कार्डावर येतच नाही. त्याच्यासाठी भाडेपावती हा दाखला, घटना 'वास्तव्य'.

'ऑनलाइन उतारा आहे की, मग इतका खटाटोप कशाला?'

महाभूलेखावरचा उतारा आज काय आहे ते सांगतो, उद्या तो बदलतो. संकेतस्थळाचा दुवा हा दाखला होऊ शकत नाही. डिजिटल सहीचा उतारा काढून फाइल जोडा, काढल्याची तारीख लिहा. 'जिवंत सातबारा'त नावं बदलायची असतील तर आधी जुन्या नावांसह एक प्रत घेऊन ठेवा. काही जिल्ह्यांचे जुने स्कॅन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. तिथून घेतलेल्या प्रतीला दप्तर म्हणून तेच नाव द्या.

'तीन कागदांत तेच आहे, म्हणजे खरंच असणार'

कागद तीन आहेत, पण झरा एक की तीन? तलाठ्यासमोर केलेलं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, त्यावरून निघालेला फेरफार आणि फेरफारावरून छापलेला सातबारा हे एकाच नळाचं पाणी तीन हंड्यांत भरल्यासारखं. नळ गढूळ तर तिन्ही गढूळ. कोतवाल बुकातली मृत्यूनोंद, शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव किंवा ३२-ग चा जबाब असं वेगळ्या हाताने, वेगळ्या कारणासाठी लिहिलेलं काही जुळलं तर तो दुसरा आधार. आजीने सांगितलेलंही दाखला करून लावा: कोणी, कोणाला, केव्हा सांगितलं. तलाठ्याची वही आजीपेक्षा नेहमीच बरोबर असते, असं मानायचं कारण नाही.

'मोडी येत नाही'

तर वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. दाखल्यात तीन थर ठेवा: मूळ कागदाचा स्कॅन, देवनागरी लिप्यंतर, आणि ते कोणी कधी केलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. लिप्यंतर हेही एक मतच आहे. दुसऱ्या वाचकाने 'विठू'ऐवजी 'विठो' वाचलं तर पहिलं पुसू नका, शेजारी लिहा.

'हे कोर्टात चालेल का?'

वंशवृक्षाची प्रिंट, नाही. महसुली नोंद ही सारावसुलीसाठी असते. ती मालकी देत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच. कोर्टात प्रमाणित नक्कल लागते. तुमच्या दाखल्यात क्रमांक आणि तारीख असेल तर वकिलाला ती मागवायला अर्जातली एक ओळ पुरते.

फाइल दुसऱ्याला देण्याआधी

हयात नातेवाइकांचे खाते क्रमांक, पत्ते, सातबाऱ्याचे ताजे स्कॅन 'खासगी' अशी खूण करून ठेवा. ग्रॅम्प्समध्ये नोंदीशेजारी कुलपाचं चिन्ह आहे, आणि निर्यात करताना खासगी व हयात व्यक्ती वगळायचा पर्याय.

चुलतभाऊ दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल तर जेडकॉम नावाच्या सामाईक फाइल-प्रकारातून द्यावं लागतं. तिथे दोन गोष्टी सांडतात. एक, देवनागरी: फाइल यूटीएफ-८ मध्ये नसेल तर नावांच्या जागी चौकोन येतात. दोन, चौघांना जोडलेली 'वारस नोंद': जेडकॉमच्या ५.५.१ या जुन्या, पण अजून सर्रास चालणाऱ्या आवृत्तीत एका घटनेतल्या अनेकांच्या भूमिका नेण्याची धड सोय नाही, त्यामुळे घटना मुख्य व्यक्तीकडे राहते आणि पालनकर्ती जनाबाई गळून पडते. म्हणून चौघांची नावं आणि भूमिका घटनेच्या टिपणातही शब्दांत लिहून ठेवा. स्वतःसाठी राखीव प्रत ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या प्रकारात, स्कॅनच्या फोल्डरसकट, आणि ती मुंबईच्या पावसाळ्यात एका घरात न ठेवता दोन घरांत.